बेंबे मुखवटा: डोळे जमलेत, पाठ सपाट

नवी पेठेत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकानं काँगोतल्या मुखवट्याचा जुना फोटो फ्रेमला आणला. चार दिवस टेबलावर होता, ते डोळे डोक्यातून जाईनात. म्हणून हा 'बेंबे मुखवटा' ऑनलाइन मागवला. 1,850 रुपये. विकणाऱ्याचं नाव टाकत नाही.

पॅकिंग चांगलं. डोळ्यांच्या खोल खोबणी, आत फुलीसारखं कोरलेलं, भोवती पांढरा रंग, हे जमलंय. लाकूड मात्र ओलं होतं. मे महिन्यात दुकानाचा पत्रा तापला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर गेली. भुसा नि फेविकॉल भरून मीच बुजवली.

खरी तक्रार वेगळीच. वर्णनात लिहिलंय, 'आफ्रिकन राजाचा मुखवटा, भिंतीवर लावल्यास भरभराट'. राजा कुठला? बेंबे हे लोक टांगानिका सरोवराच्या पश्चिमेचे, काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या दक्षिण किवू प्रांतातल्या फिझी भागातले. त्यांच्यात अलुंगा नावाची पुरुषांची मंडळी असते, हा मुखवटा तिचा. अस्सल असतो तो लाकूड पोखरून केलेला, शिरस्त्राणासारखा अख्खं डोकं झाकणारा. पुढं एक चेहरा, मागं एक. वर पिसं आणि साळिंदराचे काटे, खाली अंगभर झाडाच्या तंतूंचा झगा. तो चढवला की आतला माणूस गावातला कुणी राहत नाही, आत्माच आलेला असतो. आणि गंमत बघा की, पलीकडच्या दुसऱ्या काँगोत, म्हणजे काँगो प्रजासत्ताक या शेजारच्या देशात, बेंबे नावाचेच वेगळे लोक आहेत, छोट्या लाकडी मूर्तींसाठी प्रसिद्ध. विकणाऱ्यानं माहितीखाली फोटो त्यांच्या मूर्तीचा जोडलाय!

मला आलेला सपाट पाठीचा, मागं पितळी कडी. म्हणजे निम्माच मुखवटा. आला त्या दिवशी घरी भिंतीत खिळा ठोकत होतो, तर आई म्हणाली, "आपल्या लक्ष्म्यांचे मुखवटे कधी खिळ्याला टांगलास का रे?" ते वर्षभर गव्हाच्या डब्यात असतात. खिळा काढला, मुखवटा दुकानात नेला. आता काचेच्या कपाटात उभा आहे. लोक किंमत विचारतात, मी सांगत नाही.

पाचपैकी दोन तारे. कोरणाऱ्याला चार दिले असते, पण त्याचं नाव खोक्यावर कुठंच नव्हतं.