जर्मनीला पाठवणारी सांगलीतली कन्सल्टन्सी : फाइलला पाच स्टार, हिशेबाला दीड

नाव टाकत नाही, मला कुणाचा धंदा बसवायचा नाही आणि खरं सांगायचं तर विश्रामबागपासून मिरजेपर्यंत अशा पाट्या एवढ्या झाल्यात की थोडंफार इकडंतिकडं करून सगळीकडं हेच ऐकायला मिळतंय. भाचा मेकॅनिकल झालेला, जर्मनीत मास्टर्स करायचं डोक्यात घेतलेलं, भावजींची नोकरी बाहेरगावी, म्हणून सगळ्या मीटिंगा मामाच्या गळ्यात. मी मार्केट यार्डात अडत दुकानाचं खातं बघतो, त्यामुळं कागद समोर आला की आधी बेरीज दिसते, रंगीत फोटो नंतर.

पहिलं जे चांगलं आहे ते. कागदपत्राच्या कामात ही माणसं एकदम चोख. जर्मनीसाठी एपीएस म्हणून एक प्रमाणपत्र लागतं, आपल्या मार्कशीट खऱ्या आहेत का ते तपासून देतात, नोव्हेंबर २०२२ पासून ते सक्तीचं झालंय आणि फी १८,००० रुपये आहे, त्याची फाइल यांनी एका फटक्यात लावून दिली, कुठला कागद परत आला नाही. एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र, पोराकडनं तीन-चारदा लिहून घेतला, स्वतः लिहून दिला नाही, हे मला लय आवडलं. व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करून घेणारी मॅडम रात्री साडेदहाला पण फोन उचलायची. यासाठी पाच स्टार, हातचं राखून नाही.

आता फीचं. त्यांनी पाऊण लाख घेतले. युनी-असिस्ट नावाच्या पोर्टलवरनं बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे अर्ज जातात, तिथं पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०, हे वेगळे भरायचे, एपीएसचे वेगळे, व्हिसाचे ७५ युरो वेगळे. म्हणजे पाऊण लाख फक्त त्यांच्या डोक्याचे. हुशार पोरगं असंल आणि रोज दोन तास कॉम्प्युटरसमोर बसायची तयारी असंल तर हे सगळं घरी बसून होतं, कोर्स शोधायला डीएएडीची, म्हणजे बाहेरच्या विद्यार्थ्यांना माहिती देणाऱ्या जर्मन संस्थेची, वेबसाइट फुकट आहे. पण आमच्या ताईला पोराच्या भरवशावर सोडायचं नव्हतं, तर ठीक आहे, दिले.

खरी गोची त्या लॅमिनेट केलेल्या शीटची.

टेबलावर काचेखाली एक ए-फोर कागद, वर जर्मनीचा झेंडा, खाली "राहण्याचा खर्च आणि कमाई". डाव्या बाजूला कमाई : नोकरी लागल्यावर वर्षाला ५० लाख, पार्ट टाइम महिन्याला सव्वा लाख. उजव्या बाजूला खर्च : खोली २५०-३००, जेवण १५०, विमा १२०, प्रवास ४९. मी पाच मिनिटं बघत बसलो तेव्हा लक्षात आलं की कमाई रुपयात लिहिलीय आणि खर्च युरोत! युरो शंभरच्या पुढं गेलाय, मग पगाराला शंभरनं गुणलं आणि भाड्याला तसंच सोडलं. हळदीचा भाव क्विंटलनं सांगायचा आणि हमाली-तोलाई किलोनं, असला प्रकार. शेजारी तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका पोराला घेऊन बसले होते, ते म्हणाले, "तीनशेत खोली मिळती? आमच्याकडं पुण्यात दहा हजार जात्यात की." आता त्या बिचाऱ्यांना ते तीनशे रुपये वाटले असं नाही, पण डोक्यात आकडा लहान बसला ना, ते काम झालं.

मी विचारलं, मॅडम, दोन्ही बाजू एकाच चलनात का नाहीत, तर म्हणाल्या, "सर, ते फक्त अंदाज येण्यासाठी आहे." अंदाजच तर चुकवलाय तुम्ही!

बरं आकडे पण शिळे. ब्लॉक्ड अकाउंट म्हणून एक भानगड असते, पैसे आपलेच, पण वर्षाच्या राहण्याखाण्याचे आधीच तिथल्या खात्यात भरून ठेवायचे आणि पोरगा पोचल्यावर महिन्याला ठरलेला हप्ताच सुटतो. शीटवर ११,२०८ युरो होते. सप्टेंबर २०२४ पासून ते ११,९०४ झालेत, महिन्याला ९९२. फरक ६९६ युरो, म्हणजे सत्तर हजाराच्या घरात, कर्ज मंजूर झाल्यावर आयत्या वेळी हे कळलं तर माणसानं कुठं जायचं. प्रवासाचे ४९ पण गेले, ते डॉइचलँड तिकीट, म्हणजे महिन्याचा पास, २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोत निघालं होतं, २०२५ ला ५८ झालं आणि आता जानेवारी २०२६ पासून ६३. आहे मात्र भारी, एका तिकिटात अख्ख्या देशातल्या सिटी बस, ट्राम, लोकल रेल्वे, फक्त फास्ट गाड्या सोडून.

"जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य तर भिंतीवरच रंगवलंय. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत खरंच ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचा किरकोळ वर्गणीसारखा खर्च असतो, मान्य. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या पोरांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून नव्या पोरांना कोर्स बघून २,००० ते ६,००० लावलेत. आमच्या भाच्याच्या यादीत वरच्या नंबरला होतं श्टुटगार्ट, म्हणजे बाडेन-वुर्टेमबर्गची राजधानी! मेकॅनिकलवाल्यांचं काशी-पंढरपूर, बॉश तिथलीच, मर्सिडीज तिथलीच. फेब्रुवारी २०२४ ला आपल्या महाराष्ट्र सरकारनं कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला तो याच राज्याशी, त्यामुळं नाव सगळ्यांच्या तोंडात. फीचा विषय कुणी काढलाच नाही.

मग मी मागच्या कोऱ्या पानावर मांडून दाखवलं. महिन्याला सुटणार ९९२. श्टुटगार्टला दुसऱ्यांसोबत फ्लॅटमध्ये एक खोली ६०० धरा. विद्यार्थ्याचा सरकारी आरोग्य विमा आता दीडशेच्या घरात. राहिले २४२. सेमिस्टरची फी सहा महिन्यांत वाटली तर महिन्याला २५०. म्हणजे पोरानं पहिला घास घ्यायच्या आधी आठ युरो अंगावर. मॅडम गप्प. मग आतनं सर आले आणि म्हणाले पार्ट टाइममध्ये सगळं निघतं.

पार्ट टाइमचं गणित कागदावर बरोबरच आहे, खोटं बोलणार नाही. किमान वेतन २०२५ ला तासाला १२.८२ होतं, जानेवारी २०२६ पासून १३.९० झालं, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तास धरले तर महिन्याला बाराशेच्या आसपास होतात. पण ते काम मिळायला पाहिजे ना! आणि मिळायला जर्मन बोलता यायला पाहिजे, ए-वन, म्हणजे भाषेची पहिली पायरी, पास झालेल्या पोराला हॉटेलात ऑर्डर पण घेता येत नाही. त्यात त्या देशाचंच जरा बिनसलंय. रशियाचा स्वस्त गॅस पाइपमधनं यायचा, त्यावर सगळे कारखाने उभे, २०२२ ला युद्ध लागलं आणि तो बंद झाला. त्या वर्षी महागाई ६.९ टक्के गेली, पुढच्या वर्षी ५.९. आता वाढीचा वेग दोन टक्क्यांच्या आसपास आलाय, पण वेग कमी झाला म्हणून चढलेले भाव खाली येत नसतात. २०२३ आणि २०२४ सलग दोन वर्षं अर्थव्यवस्था आकसली. फोक्सवॅगननं २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करायचा करार डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी केला, बॉशनं सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० जागांचं जाहीर केलं. मेकॅनिकलच्या पोराला पाठवताना हे सांगायला नको का? शीटवर "ऑटोमोबाइलमध्ये प्रचंड मागणी" असं होतं, खाली गाडीचा फोटो.

आणि ते ५० लाख. ५०,००० युरो वर्षाला म्हणजे महिन्याला ४,१६७, पण एकट्या माणसाच्या हातात येतात २,७०० च्या आतबाहेर. पेन्शनला ९.३ टक्के, बेकारी विम्याला १.३, आरोग्य विमा, म्हातारपणी सांभाळायचा विमा, मग इन्कम टॅक्स. पोरबाळ नसलेल्याला तर त्या सांभाळायच्या विम्यात जास्तीचे ०.६ टक्के, म्हणजे लग्न न झाल्याची पण पावती! यात वाईट काही नाही, आजारी पडलं की दवाखान्याचं बिल बघावं लागत नाही, पण मग "पॅकेज ५० लाख" म्हणून आईबापाला झुलवू नका.

शेवटी भाचा गेला केम्निट्झला, यादीत सगळ्यात खाली होतं. पूर्व जर्मनीतलं शहर, १९९० पर्यंत नाव होतं कार्ल मार्क्स श्टाट. देश एक झाल्यावर लोकं कामासाठी पश्चिमेला निघून गेली, घरं रिकामी पडली, म्हणून भाडी अजून कमी. त्याला सगळं धरून तीनशेच्या आसपास खोली मिळाली, तीच म्युनिकला साडेसातशे-आठशे. ट्यूशन फी नाही. म्हणजे त्या शीटवरचा खोलीचा आकडा खरा निघाला, पण एका गावापुरता, आणि ते गाव हे लोक शेवटी दाखवतात. वर दाखवतात बर्लिनमधली प्रायव्हेट कॉलेजं. तिथं विद्यार्थी पाठवला की कमिशन असतं, सरकारी युनिव्हर्सिटी काय देत नाही. समजून घ्या.

तिथनं तो बिलांचे फोटो पाठवतो तेव्हा मजा वाटते. दुकानातलं खाणं वाटलं तेवढं महाग नाही, दूध लिटरला एक युरोच्या आसपास, पाव, बटाटे, डाळ परवडतं, खाण्याच्या बऱ्याच वस्तूंवर कर ७ टक्के आहे, बाकी बहुतेक गोष्टींना १९. जिथं माणसाचा हात लागला तिथं मात्र खिसा मोकळा. केस कापायला पंधरा-वीस युरो, ताईनं दुसऱ्या पार्सलमध्ये भडंगासोबत ट्रिमर पाठवला. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की २५ सेंट डिपॉझिट, रिकामी मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते, ती काउंटरला वळती करायची. खोलीत टीव्ही नाही तरी घरामागं महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचे भरा म्हणून पत्र आलं, ताई फोनवर ओरडली, "तू टीव्ही कधी घेतलास रे?" चौघं राहतात म्हणून वाटून गेलं. काम त्याला पार्सलच्या गोदामात मिळालं, पण पहिला दिवाळी-नाताळचा काळ पूर्ण ब्लॉक्ड अकाउंटवर गेला. यातली एकही गोष्ट शीटवर नव्हती, सगळी सीनियर पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरनं कळली.

तरी तुम्ही गेलात तर एवढं करा, फाइलचं काम यांच्याकडनं करून घ्या, गावाची निवड आणि खर्च स्वतः बसून मांडा, दोन्ही बाजू युरोतच. खोली बुकिंगचं वेगळं पॅकेज विकतात ते घेऊ नका, युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलला अॅडमिशनच्या दिवशीच अर्ज टाका, वेटिंग लांब असतं. डिपॉझिट म्हणून कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं घेता येतं, त्याच्यावर कुणी मागितलं तर थांबा. विम्याचा आणि ब्लॉक्ड अकाउंटचा फॉर्म पण तेच भरून देतो म्हणतात, त्यातही त्यांचा वाटा असणार, पोरालाच भरू द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

शीट मागच्या महिन्यात बदललीय असं ऐकलं, ११,९०४ टाकलंय, कमाई अजून रुपयातच आहे. एकूण पाचपैकी तीन स्टार. दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली पार्किंगची बोंब आहे, टू-व्हीलरवर जा. शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या पोरांची गर्दी असते, मंगळवार-बुधवारी सकाळी गेलात तर मॅडम निवांत भेटतात.