पाइप गॅसच्या दरांची वही: सव्वातीन वर्षांनंतरचा अनुभव

मुंबईतील आमच्या घरी पाइपने येणाऱ्या गॅसचा दर बदलला की तो वहीत उतरवायचा, हा नेम मी एप्रिल २०२२ मध्ये सुरू केला. युनिट म्हणजे गॅसचा एक घनमीटर, आणि बिल येते दर दोन महिन्यांनी. लिहायला निमित्त झाले ते एका जुन्या तक्रारीचे, जी अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

वहीचे पहिले पानच मोठे बोलके आहे. राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला आणि घरगुती गॅस युनिटमागे ३६ रुपयांवर उतरला. मी आनंदाने आकडा लिहिला, त्याखाली रेघही मारली. मात्र त्याच दिवशी देशांतर्गत वायूचा सरकारने ठरवलेला दर (दहा लाख बीटीयू या उष्णतेच्या मापामागे) २.९० डॉलरवरून ६.१० डॉलरवर गेला होता, आणि पंधरवडा उलटण्याआधीच माझ्या वहीत ४५.५० रुपये आले. नोव्हेंबरात ५४ झाले. आमचा वापर दोन महिन्यांना साधारण २२ युनिटांचा, म्हणजे त्या वर्षभरातच एका बिलात जवळपास चारशे रुपयांचा फरक पडला. तेव्हा ही वही अत्यावश्यक वाटत होती.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने देशांतर्गत वायूचा हा डॉलरमधला दर कच्च्या तेलाच्या किमतीच्या दहा टक्क्यांशी जोडून त्यावर साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली. त्यानंतर जुलै २०२५ पर्यंत आमच्याकडे ४९, मग ४७, जुलै २०२४ मध्ये ४८ आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ४९, एवढीच काय ती हालचाल झाली. त्यामुळे दर टिपण्याबद्दलचे माझे मत बदलले: दोन रुपयांच्या चढउताराने बिलात ४४ रुपये हलतात, तर भाच्यांना सुट्टीला बोलावले की दीडपट बिल येते.

आता तक्रारीकडे वळतो. मे-जून २०२४ मध्ये बहीण मुलांना घेऊन राहायला आली होती. रीडिंग घेणारे गृहस्थ आले त्या दुपारी आम्ही सारे राणीच्या बागेत होतो. दाराला कुलूप, म्हणून सरासरीने २२ युनिटांचे बिल आले. प्रत्यक्ष वापर ३३ होता. उरलेली ११ युनिटे पुढच्या बिलात आली, आणि मधल्या काळात दर एका रुपयाने वाढलेला असल्यामुळे जूनमध्ये शिजलेल्या वरणभाताचे पैसे मी नव्या दराने भरले. अकरा रुपये! दोनदा फोन केला, तक्रार क्रमांक घेतला, मग स्वतः कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले की बिलाच्या कालावधीतील वापर दिवसांच्या प्रमाणात जुन्या व नव्या दरात विभागला जातो, आणि कोणते युनिट कोणत्या दिवशी जळले हे मीटर सांगत नाही. घरी आल्यावर पत्नीने त्याच पद्धतीने आकडेमोड करून दाखवली. जुलैचे पहिले आठ दिवस जुन्याच दराचे असल्याने माझे खरे नुकसान साडेनऊ रुपयांच्या आसपास होते, आणि बेस्टच्या बसने जाऊन-येऊन मी दहा रुपये घालवले होते. तरीही माझे म्हणणे चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही.

सिलेंडरपेक्षा पाइप स्वस्त, असेही मी गावी छातीठोकपणे सांगत असे. १४.२ किलोच्या सिलेंडरइतक्या उष्णतेला अंदाजे १८ युनिटे लागतात असे धरले, तर ४९ च्या दराने ८८२ रुपये होतात. एप्रिल २०२५ मधील दरवाढीनंतर मुंबईत सिलेंडर ८५२.५० रुपयांना होता. नंबर लावण्याची आणि ऐन पाहुण्यांत टाकी संपण्याची कटकट नाही, हा पाइपचा गुण मात्र निर्विवाद आहे.

सध्या मी बिलाचा कालावधी संपतो त्या दिवशी स्टुलावर चढून मीटरचा फोटो काढतो. सुरुवातीला लाल चौकटीतले आकडेही युनिटांतच धरून मी घाबरून गेलो होतो. ते दशांश आहेत, फक्त काळे वाचायचे. त्या तक्रारीपुढे ‘निकाली’ असा संदेश आला आहे. साडेनऊ रुपये आलेले नाहीत.