एडिटर लवकर उघडायचा तर: व्हीएस कोड छाटावा, निओव्हिम घ्यावा की ईमॅक्स?

पुण्या-हिंजवडीच्या ऑफिसात एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, सोमवारी उघडतो आणि शुक्रवारी बंद होतो. तिथे उघडायला दोन सेकंद लागले काय नि वीस लागले काय, कोणी मोजत बसत नाही. आमच्याकडे दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात लाइट गेली की बॅटरी मेलेला लॅपटॉपही जातो. लाइट आली की मशीन, एडिटर, सगळं पहिल्यापासून. दिवसातून दोन-तीनदा असं झालं की बाजूला बसलेलं पोरगं विचारतेच, "काहून जी, हे उघडून राह्यलं की झोपून राह्यलं?"

हा आढावा अशांसाठी आहे: 4 जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. पैसे असतील तर आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, मग पुढचं वाचायची घाई नाही. हार्ड डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन वाचायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. प्लगिनच्या (एडिटरला वरून जोडलेल्या सोयींच्या) 300 बारक्या फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतील तर नुसत्या शोधाशोधीत 3 सेकंद जातात, कोड चालणं वेगळंच. त्यामुळे अशा मशीनवर प्रोसेसर किती जुना यापेक्षा किती फाइली उघडाव्या लागतात याला जास्त महत्त्व आहे.

यावर उपाय दोनच. सुरुवातीला लागत नाही तो कोड गरज पडेपर्यंत लोडच करायचा नाही, किंवा सगळं एकदाच लोड करून मेमरीत बसवून ठेवायचं. तिन्ही एडिटरांत फरक आहे तो यातलं काय किती जमतं याचा.

व्हीएस कोड आधी घेतो, कारण कॉलेजात तोच शिकवतात. तो इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे आत अख्खा क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि जावास्क्रिप्ट चालवणारा नोड. एक्स्टेंशन (इथे प्लगिनला हेच नाव) सगळी काढली तरी हा पाया उतरवता येत नाही. उघडायचा वेळ त्याच्यापेक्षा कमी होणारच नाही. पण एक्स्टेंशनची रचना चांगली आहे. ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात आणि प्रत्येक एक्स्टेंशन आपण कधी जागं व्हायचं ते आधीच सांगून ठेवतं: पायथनची फाइल उघडल्यावर, अमुक कमांड दिल्यावर, किंवा फोल्डरात ठरावीक फाइल दिसल्यावर. काही आळशी लेखक सरळ 'सुरू होतानाच' असं लिहून मोकळे होतात. कमांड पॅलेटमध्ये (कमांड शोधायच्या चौकटीत) 'शो रनिंग एक्स्टेंशन्स' दिलं की कोणी किती मिलिसेकंद खाल्ले ते समोर येतं. तिथूनच नको ते बंद करा. जावाचं एक्स्टेंशन मागे वेगळा जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्राम) उभा करतं, 4 जीबीत ते भारीच पडतं. यासाठी प्रोफाइल, म्हणजे एक्स्टेंशनांचे वेगवेगळे संच, वापरावेत: जावाचा एक, वेबचा एक. एक्स्टेंशनचं ऑटो अपडेटही बंद करा. डेटा पॅक वाचतो.

माझं मत असं की व्हीएस कोड छाटून सुसह्य होतो, चपळ होत नाही.

निओव्हिमचं उलटं आहे. नुसता घेतला तर जुन्या मशीनवरही पटकन उघडतो. हळू होतो तो आपल्यामुळे, कुणाची तरी भलीमोठी तयार सेटिंग उचलून टाकल्यामुळे. लेझी डॉट एनव्हिम हा प्लगिन मॅनेजर इथे कामाचा. प्लगिन कोणत्या कमांडवर, कोणत्या कीवर, कोणत्या फाइलप्रकारावर लोड व्हावं ते एका ओळीत सांगता येतं, आणि त्याच्याच प्रोफाइल पानावर वेळेचा हिशेब दिसतो. 0.9 आवृत्तीपासून (2023) निओव्हिममध्ये लुआ भाषेतल्या फाइली आधीच कंपाइल करून साठवणारा लोडरही आहे. प्लगिनशिवाय तपासायचं असेल तर स्टार्टअपटाइम हा पर्याय देऊन सुरू करा. कोणती फाइल वाचायला किती वेळ गेला त्याची ओळीओळीची नोंद मिळते. एक बारीक गोष्ट: सिस्टिमचा क्लिपबोर्ड जोडणारी ओळ सुरुवातीलाच चालली तर क्लिपबोर्डचा प्रोग्राम शोधण्यात वेळ जातो. ती स्क्रीन आल्यानंतर चालवावी.

मग निओव्हिमच घ्यावा का? मराठी मजकुरात हात असेल तर थांबा. निओव्हिम टर्मिनलात (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चालतो आणि बऱ्याच टर्मिनलांत देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या नीट बसत नाहीत. ग्रामपंचायतीची वेबसाइट, बचतगटाच्या याद्या, मराठी लेबलं असलेलं अ‍ॅप असं काम असेल तर 'क्ष' तुटलेला पाहत बसण्यापेक्षा चार सेकंद थांबणं परवडतं. व्हीएस कोडमध्ये ही अडचण नाही. ईमॅक्सने 27 व्या आवृत्तीपासून (2020) अक्षरं नीट जोडून दाखवणारं हार्फबझ घेतलं, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या खिडकीत मराठी चांगली दिसते.

ईमॅक्सवाल्यांना वेळेबद्दल विचारलं की ते डीमनचं नाव घेतात: लॉगिन झाल्याबरोबर ईमॅक्स मागे सुरू ठेवायचा, नंतर क्लायंटने खिडकी क्षणात उघडायची. ऑफिसात हे झकास. आमच्याकडे मात्र लाइटसोबत डीमनही जातो. मशीन सुरू झालं की सगळा भार पुन्हा डिस्कवर, तोही नेमका बाकी सगळं लोड होत असताना. शिवाय ब्राउझर उघडा असला की 4 जीबीत मागे बसलेला ईमॅक्स स्वॅपमध्ये, म्हणजे रॅममधून डिस्कवर, ढकलला जातो. इन्व्हर्टर असेल तरच डीमनचा विचार करा.

खरी बचत ऑटोलोडमध्ये आहे. पॅकेजातल्या फंक्शनचं नुसतं नाव नोंदवायचं, कोड पहिल्यांदा हाक मारल्यावर आणायचा. पॅकेजांची सेटिंग लिहायचं यूज-पॅकेज 29 व्या आवृत्तीपासून (2023) ईमॅक्समध्येच येतं. त्यात डिफर (नंतर लोड कर) लिहिलं की काम झालं. ऑर्गसारखं (नोंदी-याद्यांचं) जड पॅकेज सुरुवातीलाच मागवणाऱ्या ओळी शोधून काढा. ईमॅक्स वापरून झालेली मेमरी अधूनमधून थांबून मोकळी करतो; हा कचरा गोळा करण्याची मर्यादा मुळात 800 केबी असते. ती अर्ली-इनिट फाइलमध्ये (सगळ्यात आधी वाचली जाणारी सेटिंग) सुरू होण्यापुरती वाढवली तर मधलं थांबणं कमी होतं. नंतर ती परत खाली आणायला हवी, नाहीतर टाइप करताना अडखळेल. सुरू व्हायला एकूण किती वेळ गेला ते कळायला इनिट-टाइमची कमांड आहेच.

पुढे ढकललेला वेळ नाहीसा होत नाही, हे तिन्हीकडे खरं. पहिली पायथन फाइल उघडताना तो भरावाच लागतो. पण तोवर आपण टाइप करायला लागलेलो असतो, आणि जे त्या दिवशी उघडलंच नाही त्याचा वेळ मात्र खरोखर वाचतो.

तर पहिलं-दुसरं वर्ष असेल तर व्हीएस कोड ठेवा आणि छाटा. शिक्षक, मित्र, व्हिडिओ सगळे त्यावरच आहेत. काम इंग्रजी कोडचं आणि मशीन फार जुनं असेल तर निओव्हिम. ईमॅक्स मी नव्या माणसाला या कारणासाठी सुचवणार नाही. आधीच वापरत असाल तर सोडायचीही गरज नाही.

कोणताही घ्या, मोजायचं ते मशीन रीस्टार्ट केल्यावर, पहिल्यांदा उघडताना. दुसऱ्यांदा फाइली मेमरीतच असतात, आकडा फसवा येतो. आणि ईमॅक्सच्या उचललेल्या सेटिंगमध्ये पॅकेजांची यादी ताजी करणारी ओळ असेल तर ती आधी उडवा. ती दर वेळी उघडताना नेटवर जाते, आणि रेंज नसली की एडिटर टॉवरची वाट पाहत बसतो.