पॅकिंग बदललंच नाही, पैसे मात्र ६,५०० घेतले

जळगाव–धुळे हायवेवर जुनी गाडी फिरवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. माझी मारुती एस्टीम आहे, २००४ ची. इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनच्या सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) पॅकिंग, म्हणजे सांधा घट्ट बंद ठेवणारी पातळ चकती, बदलतो म्हणून एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ६,५०० रुपये घेतले. आत जुनंच फुटकं पॅकिंग ठेवलं आणि बाहेरून लाल सिलिकॉन फासून गाडी माझ्या हातात दिली.

बिघाड खरा होता. गाडी उभी राहिली की आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग, वर-खाली व्हायचं, बॉनेट उघडलं की हवा ओढल्याचा सूंऽऽ आवाज यायचा, आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कुठे जातंय ते कळत नव्हतं. या इंजिनात कूलंट मॅनिफोल्डमधूनही फिरतं. त्यामुळे पॅकिंग गेलं की हवाही ओढली जाते आणि पाणीही गळतं. त्याने हे सगळं मला नीट समजावून सांगितलं, बोट लावून जागा दाखवली. इतकं अचूक निदान करणारा माणूस पुढे खोटं काम करेल, असं कोणाच्या मनात येईल?

कागदावर लिहून दिलेला हिशेब असा: पॅकिंग १,८५०, मॅनिफोल्डला फेस मारणे (लेथवर पृष्ठभाग सपाट करणे) १,२००, कूलंट ६५०, मजुरी २,८००. त्यातले २,००० रोख आधीच घेतले, उरलेले ४,५०० ऑनलाइन. तेही स्वतःच्या नाही, भलत्याच माणसाच्या नंबरवर. पैसे कोणाच्या नावावर जातायत ते पाठवण्याआधी वाचा. नाव वेगळं दिसलं तर तिथेच थांबा.

आता ती गोष्ट सांगतो, जी आठवली की आजही डोकं फिरतं. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा जुनं पॅकिंग मी मागितलं. मागितलं होतं मी! त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, वर म्हणाला, "काही टेन्शन नही आप्पा, आता पाच वर्ष बघू नका." तेलाने काळंकुट्ट झालेलं, हात लावला की बोटं बरबटत होती. बहिणीकडे लग्नाची घाई, सगळे कपडे घालून तयार, फोनवर फोन येत होते. मी ते तसंच डिकीत टाकलं. पुढे उघडून पाहिलं तर त्या पॅकिंगला हवेची तीन भोकं. सिलिंडरला एक भोक लागतं, आणि माझं इंजिन चार सिलिंडरचं! कुठल्या तरी तीन सिलिंडरच्या गाडीचं कचऱ्यात पडलेलं पॅकिंग त्याने मला दिलं होतं. तिथे उभ्या उभ्या कागद उलगडला असता तर त्याची बोलती तिथेच बंद झाली असती. आणि कूलंटची बाटली! नवीन भरलं म्हणाला, आणि बाटलीत तेच गंजाळलेलं तपकिरी पाणी. कूलंट काढल्याशिवाय हा मॅनिफोल्ड उतरतच नाही, हे मला तेव्हा कोण सांगणार? गाडी चालवणाऱ्याने मेकॅनिकची विद्याही शिकून घ्यायची का?

सुरुवातीला गाडी छान चालली. सिलिकॉनने भेग बुजली होती, त्यामुळे आयडलही शांत. पण साधं सिलिकॉन पेट्रोलला टिकत नाही, फुगतं आणि सुटतं. मे महिन्यातल्या भर दुपारी पारोळ्याच्या अलीकडे टेम्परेचरचा काटा लालवर गेला. गाडीत म्हातारी आई. सावलीला एक झाड नाही.

धुळ्यातल्या मेकॅनिकने माझ्यासमोर मॅनिफोल्ड उतरवला. खालचे नट मातीने आणि गंजाने माखलेले, त्यांना पाना लागल्याची एकही खूण नव्हती. वरच्या बाजूने तेवढी लाल सिलिकॉनची जाड रेघ. आत पॅकिंग जळक्या पापडासारखं, हात लावताच तुकडे पडत होते, आणि भेगेतून ओढलं गेलेलं सिलिकॉन पोर्टमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या भोकात, लोंबत होतं. तो तुकडा व्हॉल्व्हखाली गेला असता तर? त्याने दोन्ही पृष्ठभाग खरवडून साफ केले, सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून मॅनिफोल्ड वाकलाय का ते पाहिलं, फेस मारून आणला, आणि नट मधल्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले. पॅकिंग २८०, फेस ४००, कूलंट ४७०, मजुरी १,२००. एकूण २,३५०, पक्क्या बिलासह.

संताप खरा पुढे आहे. पोलिसांकडे गेलो तर "ही दिवाणी बाब आहे." एका ठिकाणी म्हणे गॅरेज जळगावात, तिकडे जा. तिकडे म्हणे तुम्ही धुळ्याचे, गाडी पारोळ्याला बंद पडली, इथे काय? पक्कं बिल कुठाय? त्याने दिलंच नाही, हीच तर तक्रार! तीन भोकांचं पॅकिंग टेबलावर ठेवलं तर साहेबांनी कागद घाण होतील म्हणून उचलायला लावलं. "सहा हजारांसाठी एवढं काय घेऊन बसलात?" असं तोंडावर ऐकवलं. सहा हजार मी घाम गाळून कमावलेत, आणि प्रश्न भर उन्हात रस्त्यावर बसलेल्या माझ्या आईचा आहे. एकानेही साधी पोचसुद्धा दिली नाही.

ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातून तक्रार करता येते, गॅरेजच्या गावी जावं लागत नाही, हे यांच्यापैकी कोणी सांगितलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ते स्पष्ट आहे. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वकिलाशिवायही तक्रार करता येते. माझे कागद तयार आहेत.

तुमच्या गाडीचं काम निघालं तर मॅनिफोल्ड उतरलेला असताना स्वतः जाऊन बघा, मोबाइलवर फोटो काढा. नवीन पॅकिंग शक्यतो स्वतः दुकानातून आणा. फेस मारल्याचं बिल लेथवाल्याकडून वेगळं मागा. जुनं पॅकिंग तिथेच उलगडा आणि भोकं मोजा.