कास-ठोसेघरसाठी फिल्टर घेताय? दहा स्टॉपचा आधी नको

लँडस्केपसाठी फिल्टर घ्यायचा म्हटलं की पहिली उडी एनडी १००० वर, म्हणजे दहा स्टॉपवर पडते. एनडी म्हणजे उजेड अडवणारा गडद फिल्टर, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. साताऱ्याजवळच्या ठोसेघर धबधब्याला तो जास्तच होतो. पावसाळी उजेडात एफ ११, आयएसओ १०० ला १/३० सेकंदाचा शटर मिळत असेल, तर दहा स्टॉपने थेट ३० सेकंद होतात. पाण्याचा पोत जाऊन नुसता पांढरा पडदा उरतो, वर कडेची झाडं वाऱ्याने फराटतात. तोच १/३० एनडी ६४ ने दोन सेकंदांवर येतो, एनडी ८ ने पाव सेकंदावर. पाण्याचे धागे सुटे दिसतात ते याच दरम्यान. म्हणून आधी सहा स्टॉपचा एनडी ६४. दहावाला कास तलावावर ढग ओढायचे असतील तेव्हा बघू.

व्हेरिएबल एनडी, म्हणजे रिंग फिरवून कमी-जास्त गडद होणारा, व्हिडिओला ठीक. आत दोन पोलरायझर असतात, त्यामुळे वाइड लेन्सवर रिंग गडद टोकाकडे फिरवली की आभाळात काळी फुली उमटते.

गोल फिल्टर सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या, बाकीच्यांना स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी. फ्रेम पितळेची असेल तर बरं, ॲल्युमिनियमची जास्त अडकते. अडकलीच तर बोटांनी आवळू नका, रिंग लंबगोल होऊन आणखी घट्ट बसते. कडेला रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवा.

ग्रॅज्युएटेड (ग्रॅड), म्हणजे आभाळासाठी वर गडद आणि खाली स्वच्छ असलेला फिल्टर, मात्र चौकोनीच हवा. गोल ग्रॅडची रेघ कायम फ्रेमच्या मध्यावर, क्षितिज कुठेही असो. ते पैसे वायाच. १०० बाय १५० मिमीचा घ्या. ८४ मिमीचा किट स्वस्त पडतो, पण फार वाइड लेन्सवर होल्डरचे कोपरे फोटोत येतात.

कासचं पठार सपाट, तिथे हार्ड ग्रॅड, म्हणजे गडद-स्वच्छ यांच्यातली रेघ ठळक असलेला, चालतो. फुलं वाऱ्यावर डोलत असताना एनडी काढूनच ठेवा, तीन स्टॉपचा ग्रॅड पुरतो. अजिंक्यतारा किल्ल्यावरून यवतेश्वरच्या डोंगराकडे बघताना मात्र हळूहळू फिका होणारा सॉफ्ट लावा, नाहीतर डोंगरमाथे काळे पडतात. रेघ बसवताना ॲपर्चर प्रीव्ह्यूचं, म्हणजे फोटोच्या वेळचं ॲपर्चर आधीच दाखवणारं, बटण दाबून बघा: एफ ११ ला ती एरवी दिसते त्याहून कडक उतरते. संगम माहुलीला घाटावरून नदीतलं प्रतिबिंब घेताय तर तीन स्टॉप जड होतात. पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळाहून उजळ दिसलं की फोटो खोटा वाटतो. तिथे दोन स्टॉप, कधी एकच. आणि ठोसेघरच्या दरीत कुठलाच ग्रॅड कामाचा नाही, सरळ दोन एक्स्पोजर घेऊन नंतर जोडा.

रेझिनचा (प्लास्टिकसारखा) फिल्टर हलका आणि स्वस्त, पण चिखलाचा थेंब कोरडाच पुसला की ओरखडा ठरलेला. आधी पाणी, मग मायक्रोफायबर. काच ओरखडे सोसते, जांभ्यावर पडली की संपली.

घेण्याआधी दुकानाच्या दारात या, आतल्या ट्यूबखाली काही कळत नाही. पांढरी भिंत फ्रेमभर घ्या, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल करा. फिल्टरशिवाय १/६० ला एक फोटो, मग एनडी ६४ लावून एक सेकंदाला दुसरा. दोन्हींचा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, जवळपास एकाच जागी यायला हवा. सगळीकडे सारखी छटा असेल तर ती नंतर व्हाइट बॅलन्सने निघते. मध्ये निळी आणि कोपऱ्यांत तपकिरी दिसली, तर तो फिल्टर काउंटरवरच परत ठेवा.