दोन पगारांचं घर की एका पगाराचं?

पुण्यात घर शोधणाऱ्या नोकरदार जोडप्यापुढे शेवटी कर्जाचे दोन आकडे उरतात. एक बँकेने दोघांचे पगार मिळवून सांगितलेला, दुसरा आपण घरी बसून एकाच पगारावर काढलेला. आमचे हातात येणारे पगार तेव्हा ७० हजार आणि ५० हजार होते. निम्मं उत्पन्न हप्त्याला धरलं की ६० हजारांचा हप्ता. साडेआठ टक्के दर आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला साधारण ८६८ रुपये पडतात, म्हणजे जवळपास ६९ लाखांचं कर्ज आणि पुनावळ्याकडे बांधकाम चालू असलेला ८६ लाखांचा टू बीएचके. मोठ्या पगाराच्या निम्म्यावर थांबलं तर ३५ हजारांचा हप्ता, ४० लाखांचं कर्ज आणि धायरीत जुन्या सोसायटीतला रीसेलचा वन बीएचके, ५० लाखांचा.

मोठ्या घराचा मोह मला समजतो. पगार वाढत जातात, हप्ता त्या मानाने हलका होतो. आज लहान घर घेऊन पुढे मोठं घेतलं तर मुद्रांक शुल्क दुसऱ्यांदा भरावं लागतं, आणि पुण्यात ते ७ टक्के आहे. (घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते, तेवढं जरूर विचारा.) हा मुद्दा वजनदार आहे, तो मी नाकारणार नाही.

पण हातातले पैसे मोजायला बसलो तेव्हा चित्र बदललं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि मुद्रांक शुल्क वगैरे त्या किमतीत धरत नाही. मोठ्या घराला स्वतःचे १७ लाख, ५ टक्के जीएसटीचे ४ लाख ३० हजार, मुद्रांक शुल्काचे ६ लाखांवर आणि नोंदणीचे ३० हजार. बेरीज २७ लाखांच्या पुढे. धायरीच्या घराला जीएसटी नव्हता. तिथे १४ लाखांच्या आत काम होत होतं. वर दलाली आणि सोसायटीचं हस्तांतरण शुल्क, जे २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही.

तरीही धायरीचं घर घेण्याचा माझा निर्णय या बेरजेने झाला नाही. झाला तो भाडं आणि व्याज एकाच महिन्यात भरण्याच्या कटकटीने. महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या नमुना करारात किती काम झालं की किती रक्कम घेता येते, हे ठरलेलं आहे. करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब पडेपर्यंत ७०. म्हणजे इमारतीचा सांगाडा उभा राहिला की ७० टक्के रक्कम गेलेली असते आणि भिंती, प्लास्टर, फरशी, लिफ्ट सगळं बाकी असतं. आमच्या हिशेबात त्या टप्प्याला कर्जातले सुमारे ४३ लाख उचललेले असणार होते. त्यांचं व्याजच महिन्याला साडेतीस हजार, शिवाय राहत्या घराचं २० हजार भाडं. प्री-ईएमआयमध्ये, म्हणजे उचललेल्या रकमेचं फक्त व्याज भरण्याच्या पद्धतीत, या साडेतीस हजारांतून मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही. पूर्ण हप्ता अजून सुरूच व्हायचा आणि पन्नास हजार आधीच बाहेर. ताबा लांबला की हे दिवस लांबतात. बिल्डरकडून व्याज मागण्याचा हक्क रेरा कायद्याने दिला आहे, पण घरमालकाला दर महिन्याला भाडं आपल्यालाच द्यायचं असतं. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याचा ताबा लांबला, तेव्हा त्यांच्या घरात पैशांशिवाय दुसरं बोलणं नसायचं. मला ते नको होतं. बँकेच्या पात्रतेच्या कागदावर इतर कर्जांचे हप्ते धरलेले होते, भाड्याची ओळच नव्हती.

दुसरं कारण घरचं. बाळ झाल्यावर पत्नीला काही काळ नोकरी सोडावी लागली. ३५ हजारांचा हप्ता तेव्हा एका पगारावर जेमतेम, पण निघत होता. साठ हजारांचा निघाला नसता. त्यातच रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याच्यामागे बदलत्या दराच्या गृहकर्जाचं व्याज हलतं, मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. अर्धा टक्का दर वाढला तरी ६९ लाखांवर महिन्याला सव्वादोन हजारांचा फरक पडतो, ४० लाखांवर तेराशेच्या आसपास. वाढलेल्या हप्त्याऐवजी बँका अनेकदा मुदत वाढवतात. ती किती वाढली, हे लेखी मागून घ्या.

जुन्या घराचे प्रश्नही खरे आहेत. आमच्याकडे लिफ्ट नाही, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, वायरिंग बदलावं लागलं. कागद नीट पाहावे लागतात: भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), सोसायटीचा ना हरकत दाखला, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का. बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं तर फरक आपल्याला भरावा लागतो. आई-वडील आले की हॉलमध्ये गाद्या पडतात, आणि याचं मला वाईट वाटतं.

ज्यांना भाडं द्यावं लागत नाही, जे आई-वडिलांच्या घरात आरामात राहतात, किंवा ज्यांच्या दोन्ही नोकऱ्या पक्क्या सरकारी आहेत, त्यांनी कदाचित मोठंच घर घ्यावं. बाकीच्यांना मी एका पगाराकडे झुकायला सांगेन. ठरत नसेल तर ज्या घराचा विचार आहे त्याच्या हप्त्यातून सध्याचं भाडं वजा करून उरलेली रक्कम काही महिने आरडीत टाका. आम्ही साठ हजारांच्या हप्त्याच्या हिशेबाने ४० हजारांची आरडी उघडली, आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या महिन्यात ती भरणं जड गेलं. १५ हजारांची कधी जाणवली नसती. आता पत्नी परत नोकरीला लागली आहे. तिच्या पगारातून जमेल तसं आम्ही मुद्दल फेडतो, बदलत्या दराच्या गृहकर्जावर त्याला दंड नाही.