इलेक्ट्रिक माउंटन बाईक: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

सिंहगडाचा घाट ही सायकल चढते. भेटेल तो हेच विचारतो, म्हणून आधीच सांगून टाकते. पण इतके महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की इलेक्ट्रिक माउंटन बाईक घेताना चढाचा विचार कमी आणि उताराचा जास्त करावा. चढ मोटर बघून घेते. उतार, पंक्चर, चिखल आणि टेकडीवर फिरायला आलेले आजोबा हे सगळं आपल्यालाच बघावं लागतं.

सायकल अशी: ॲल्युमिनियमची फ्रेम, साडेसत्तावीस इंची चाकं, पुढे १०० मिलिमीटर दबणारा स्प्रिंगचा फोर्क, मागे सस्पेन्शन नाही. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे जिथून तारा निघतात त्या मधल्या भागात, २५० वॉटची मोटर, फ्रेममधून काढता येणारी ३६ व्होल्ट, १०.२ ॲम्पिअर-तासाची बॅटरी, सात गिअर आणि केबलचे डिस्क ब्रेक. वजन पंचवीस किलोच्या आसपास. किंमत पन्नास हजारांच्या थोडी अलीकडे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीत मोटर, डिस्प्ले, गिअर, चार्जर बहुतेक सगळ्यांचे सारख्याच धाटणीचे असतात, आणि मी जे लिहितेय ते स्टिकर बदलला तरी फारसं बदलणार नाही.

आणि मी अशी: वय सत्तेचाळीस, राहायला पुण्यात धायरीत, कॉलेज सुटल्यावर सायकलला हात लावलेला नव्हता. गुडघे कुरकुरतात. व्यायाम म्हणजे लिफ्ट बंद पडली की तीन जिने.

सिग्नलला उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, लायसन्स लागतं का हिला?" नाही लागत. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर ०.२५ किलोवॉटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, ब्रेक नीट आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर असेल तर ती मोटार वाहनात मोडत नाही. म्हणून नंबर प्लेट नाही, आरटीओ नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये शिरून वेगमर्यादा वाढवून देणारे लोक भेटतात. त्यांना हसून नाही म्हणा. पंचविसाच्या वर गेली की कायद्याच्या लेखी ती सायकल उरत नाही, आणि खरं सांगायचं तर हिचे ब्रेकही त्या वेगासाठी नाहीत.

नवख्या माणसाला सगळ्यात आधी सवय करावी लागते ती पेडल असिस्टची, म्हणजे पेडल मारताना मोटर जी मदत करते तिची. स्वस्त सायकलींत केडन्स सेन्सर असतो. पेडलच्या आसाला चुंबकांची एक चकती असते, ती फिरली की मोटर चालू, थांबली की बंद. तुम्ही किती जोर लावताय हे त्याला कळत नाही. त्यामुळे सुरुवातीला जवळजवळ अर्धा फेरा काहीच होत नाही आणि मग एकदम मागून कोणीतरी ढकलल्यासारखं होतं. डांबरी रस्त्यावर याची मजा वाटते. वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला सुटा मुरूम आहे, तिथे वळण घेताना याची अजिबात मजा वाटत नाही. पेडल थांबवल्यावरही मोटर क्षणभर ओढत राहते. यावर माझा उपाय: कच्च्या रस्त्यावर असिस्ट एक नंबरच्या, म्हणजे सगळ्यात कमी मदतीच्या, वर नेत नाही, आणि अवघड जागी ब्रेकच्या मुठीवर बोट हलकं दाबून ठेवते. मुठीत कट-ऑफ स्विच असतो, मूठ जराशी हलली तरी मोटर तत्काळ बंद होते. टॉर्क सेन्सर असलेल्या सायकलीत हा त्रास नाही, कारण तो पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत देतो. परवडत असेल तर बॅटरी थोडी लहान चालेल, पण हा सेन्सर घ्या.

आता सिंहगड. धायरीहून खडकवासला, डोणजे, गोळेवाडीचा नाका असं पायथ्यापर्यंत पंधराएक किलोमीटर अंतर, रस्ता बहुतेक सपाट. इथे मी मोटर बंदच ठेवते. पंचवीस किलोची सायकल बिनमोटरची चालवता येते, फक्त कौतुक कोणी करत नाही, कारण बघणाऱ्याला वाटतं बाई बॅटरीवर चाललीये. पुढचा घाट सुमारे नऊ किलोमीटरचा आणि त्यात साधारण सहाशे मीटरचा चढ. गणित करून बघा: मी आणि सायकल मिळून नव्वद किलो, एवढं वजन सहाशे मीटर वर न्यायला जवळजवळ दीडशे वॉट-तास ऊर्जा लागते. बॅटरीत भरलेली असताना एकूण ३६७. रस्त्याचं घर्षण आणि मोटरमध्ये उष्णता होऊन जाणारी वीज धरली आणि पाय नुसते फिरवत ठेवले, तर एका घाटात दोनशेच्या वर सहज जातात. पाय खरोखर लावले तर खर्च निम्म्यावर येतो. पत्रकात छापलेले साठ-सत्तर किलोमीटर कुठून येतात हे यावरून कळेल: सपाट रस्ता, हलका माणूस, असिस्ट एक नंबर, वारा पाठीमागून.

घाटात आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. हबमधली मोटर चाकालाच जोडलेली असते. मागचे सात गिअर तुमच्या पायांसाठी असतात, मोटरला मात्र एकच ठरावीक गिअर. तीव्र वळणावर वेग आठ-नऊवर आला की मोटर रेटा देण्याऐवजी तापायला लागते. म्हणून चढ अंगावर यायच्या आधीच गिअर हलका करायचा, पाय भरभर फिरवायचे आणि वेग बाराच्या आसपास टिकवायचा. थकलात तर सावलीत थांबा, हबला हात लावून बघा. चटका बसत असेल तर तिलाही पाणी पिऊ द्या म्हणजे काय, नुसतं उभं राहू द्या. परदेशातल्या खऱ्याखुऱ्या इलेक्ट्रिक माउंटन बाईकमध्ये मोटर पेडलच्या आसाशी बसवतात आणि तिची ताकद साखळीतून गिअरमार्फत चाकाला मिळते, त्यामुळे मोटरलाही हलका गिअर मिळतो. त्या आपल्याकडे येतात तेव्हा किंमत लाखांत असते. ज्या घाटात २०२२ च्या मे महिन्यात सुरू केलेली ई-बस काही दिवसांतच बंद करावी लागली, तिथे माझी अर्धा लाखाची सायकल पोचते, यात मी समाधानी आहे.

डिस्प्लेवरच्या पाच पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. चढावर मोटर जास्त वीज ओढते, व्होल्टेज दबतं आणि पट्ट्या दोनवर येतात. सपाटीला लागलं की परत चार. बहुतेक डिस्प्लेंमध्ये व्होल्ट दाखवायची सोय असते, ती लावून घ्या. भरलेली बॅटरी ४२ दाखवते. थांबलेल्या अवस्थेत ३६ दिसले की मी घराकडे तोंड वळवते, ३१-३२ ला कंट्रोलर (मोटरची वीज सांभाळणारा भाग) वीज तोडतो.

वर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. त्याबद्दल लिहिणार नाही, पुणेकरांना पाठ आहे.

मग उतार. "खाली येताना बॅटरी चार्ज होत असेल ना?" असं सगळे विचारतात. नाही होत. या मोटरींच्या आत लहान दातेरी चक्रं आणि एका दिशेनेच पकडणारा क्लच असतो, उतारावर मोटर चाकापासून सुटी होते. म्हणजे सहाशे मीटर चढून जी ऊर्जा कमावली त्यातली बरीचशी खाली येताना ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांमध्ये उष्णता होऊन जाते. साध्या सायकलीपेक्षा दहा किलो जास्त वजन, केबलचे ब्रेक, तेही एकाच बाजूचं पॅड हलवणारे. निम्म्या घाटात मुठी हँडलला टेकायला लागल्या, तळहात भरून आले आणि पॅडचा जळका वास आला. हा या सायकलीचा सगळ्यात मोठा दोष, आणि दुकानातल्या पाच मिनिटांच्या चकरेत तो दिसणं शक्य नाही. आता उतरताना सतत दाबून धरत नाही. वळणाच्या आधी जोरात दाबून वेग पाडते आणि मग पूर्ण सोडते, म्हणजे चकतीला वारा लागतो. पॅड साधे रेझिनचे होते, ते काढून धातूमिश्रित लावले. आवाज करतात, पण टिकतात. केबल सैल झाली की कॅलिपरजवळचा (चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागाजवळचा) लहान स्क्रू हाताने फिरवून ताणून घेता येते. हे शिकायला दहा मिनिटं पुरतात आणि ते शिकल्याशिवाय घाटात जाऊ नये. शनिवार-रविवारी तर जाऊच नये, गाड्यांच्या रांगेत ना चढता येतं ना उतरता. पावसाळ्यात दरड पडली की घाट बंदही असतो, निघण्याआधी चौकशी करावी.

पंक्चर. टेकडी म्हणजे बाभूळ आणि बाभूळ म्हणजे काटा. पुढचं चाक झटकन निघतं, मागचं नाही. मोटरच्या आसाला दोन मोठे नट असतात, त्यांना अठरा नंबरचा पाना लागतो आणि सायकलीसोबत आलेल्या पिशवीत तो नव्हता. डोणज्याजवळ एक पंक्चरवाले मागच्या चाकाकडे बघून म्हणाले, "ताई, मोटरवाली आम्ही नाय खोलत. वायर तुटली तर कोण भरणार?" त्यांचं बरोबरच आहे. पण चाक काढायची गरजच नाही. भोक कुठंय ते कळलं तर टायरची एक बाजू रिमवरून उचलायची, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढायचा, घासायचं, पॅच लावायचा आणि आत ढकलायचं. हे सांगितल्यावर त्याच काकांनी साध्या सायकलीच्या दरात काम करून दिलं. ट्यूबच बदलायची वेळ आली तर मात्र पाना हवाच. मोटरची वायर जोडणीवर सरळ ओढून सुटते, पिळायची नाही, परत लावताना दोन्हीकडचे बाण समोरासमोर आणायचे. नट काढायच्या आधी वॉशर कुठल्या क्रमाने आहेत त्याचा फोटो काढून ठेवा. आसाला जागीच धरून ठेवणारा वॉशर उलटसुलट बसला तर आस फिरतो आणि वायर पिळून तुटते.

मागच्या चाकाच्या तारा तुटणं हाही हब मोटरचा ठरलेला आजार. वजन जास्त, मोटरचा ओढा जास्त आणि तारा नेहमीपेक्षा आखूड. माझ्या दोन तुटल्या, दोन्ही मोटरच्या बाजूला वाकणीवर. आखूड तार कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी "मागवतो" म्हणून बराच काळ ताटकळत ठेवलं, शेवटी शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींनी लांब तार कापून, आटे पाडून बसवली आणि चाकाचा आउट काढून, म्हणजे डुलणारं चाक सरळ करून दिलं. नवी सायकल घेतल्यावर महिन्याभरातच सगळ्या तारा एकदा ताणून घ्या, हे त्यांनीच सांगितलं.

पावसाळ्याची मला धास्ती होती, पण मोटरने काही त्रास दिला नाही. त्रास झाला तो चिखलाचा, साखळीचा आणि डिस्प्लेत साचणाऱ्या वाफेचा. डिस्प्लेवर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड, एवढ्यात काम भागतं. प्रेशर पंपाने धुऊ नका, पाणी जोडण्यांत शिरतं. बादली, फडकं आणि जुना टूथब्रश. साखळीला दर ओल्या फेरीनंतर पुसून तेल.

चार्जिंग घरात होतं, रिकामी बॅटरी भरायला पाच-सहा तास. वीज अर्ध्या युनिटच्या आतच लागते, म्हणजे बिलात शोधूनही सापडणार नाही. खरा खर्च पुढे आहे: काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल आणि तिची किंमत सायकलीच्या किमतीच्या मानाने मोठी असते, घेतानाच विचारून ठेवा. घाटातून आल्याआल्या गरम बॅटरीला चार्जर लावत नाही, आणि महिनाभर गावाला जायचं असेल तर अर्धी भरलेली ठेवते.

व्यायाम होतो का? होतो, पण तुम्ही एक नंबरवर राहिलात तर. थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवणारा अंगठ्याचा खटका, दाबून बसलात तर ती हळू चालणारी स्कूटर आहे, आणि त्यासाठी स्कूटर जास्त आरामशीर. माझ्यापुरतं म्हणाल तर गुडघे चढावर दुखत नाहीत, कारण जोराचा भाग मोटर घेते आणि पाय फिरवायचा भाग माझ्याकडे राहतो. आता बिनमोटरचा खडकवासला धाप न लागता होतो. टेकडीवर मात्र चालणाऱ्यांचा हक्क पहिला. मोटरचा आवाज होत नाही, त्यामुळे मागून आलेली सायकल कोणाला कळत नाही. लांबूनच घंटी, जवळ आल्यावर पाय खाली. एका आजोबांनी मला थांबवून "टेकडीवरपण गाड्या आणल्यात का आता?" असं सुनावलंय, आणि शेवटी स्वतःच एक चक्कर मारून बघितलीये.

जिन्यावरून उचलून न्यावी लागणार असेल, तर घेऊ नका. उड्या मारायच्या, खडकांवरून घालायची असेल तरीही नाही, फ्रेम आणि फोर्क तेवढ्यासाठी नाहीत. कच्चे रस्ते, शेतातल्या वाटा, पानशेतच्या बाजूची गावं आणि अधूनमधून एखादा घाट एवढ्यासाठी उत्तम.

पुढची खरेदी ठरली आहे: हायड्रॉलिक ब्रेकचा जोड. तुम्हीही बदलणार असाल तर कट-ऑफ स्विच असलेल्याच मुठी मागा, साध्या सायकलीचे घेतले तर ब्रेक दाबला तरी मोटर ओढत राहील. आणि ऑर्डर देण्याआधी आपल्या वायरिंगमधली ब्रेकच्या स्विचची लाल जोडणी उघडून त्यात दोन पिना आहेत की तीन ते बघून घ्या, म्हणजे नव्या मुठी जुळतील.